न आलेल्या उत्तराचं चित्र

दिवाळीत घर भरलेलं होतं आणि वायफाय रखडत होतं. भाचीने विचारलं, "आत्या, आपल्या वायफायवर नक्की किती जण आहेत गं?" आम्ही बोटांवर मोजलं: चार फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही. सात. मग मी लॅपटॉपवर एनमॅप हा प्रोग्राम चालवला, तर त्याने अकरा पत्ते दाखवले. त्यातला एक राउटरचा, एक प्रिंटरचा, एक दारावरच्या कॅमेऱ्याचा. हे तिघे आम्ही मोजायचेच विसरलो होतो. अकरावं यंत्र मात्र ओळखू येईना. त्याला पत्ता होता, नाव नव्हतं, आणि विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

पडद्यावर आकड्यांच्या ओळींमागून ओळी होत्या. भाचीला त्यातून काही उमगेना, म्हणून तिने कागद ओढला. मधोमध राउटर काढला, भोवती फोन आणि लॅपटॉप, कोपऱ्यात प्रिंटर. अकरावं यंत्र तिने घराच्या भिंतीबाहेर काढलं आणि लाल खडूने गच्च रंगवलं.

मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. यादीत ते यंत्र नुसतं अनोळखी होतं, चित्रात ते चोर झालं होतं. तिची चूक नव्हती. कागदावर वस्तू काढायची म्हणजे ती कुठेतरी ठेवावी लागते आणि तिला काहीतरी रंग द्यावा लागतो. यादीला ही सक्ती नसते. नेटवर्क स्कॅनचे निकाल चित्रात दाखवणारा प्रोग्राम जे तयार करतात, त्यांच्यापुढची सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे: जे कळलं ते दाखवायचं, पण जे कळलेलं नाही त्याचा कळल्यासारखा आव आणायचा नाही.

दार वाजवण्याची रीत

आधी स्कॅन म्हणजे काय ते पाहू. गृहसंकुलातल्या प्रत्येक इमारतीला पत्ता असतो, तसा नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.७. या इमारतीला ६५,५३६ दारं असतात. त्या दारांना पोर्ट म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ० ते ६५,५३५ असे असतात. काही दारांमागे कोण बसणार हे रूढ झालेलं आहे: ८० आणि ४४३ मागे वेबसाइट, २२ मागे दुरून संगणक चालवण्याची सोय, ६३१ मागे छपाई.

एनमॅप या दारांवर टकटक करतं आणि कान देऊन ऐकतं. एरवी दोन यंत्रं तीन पावलांत ओळख करून घेतात. पहिलं विचारतं, "येऊ का?" दुसरं म्हणतं, "या." पहिलं म्हणतं, "आलो." एनमॅपची सर्वांत रूढ पद्धत दुसऱ्या पावलावरच थांबते. "या" ऐकू आलं की दार उघडं आहे एवढं समजतं आणि लगेच "नको, राहू द्या" म्हणून विषय मिटवला जातो. "इथे कोणी नाही" असं उत्तर आलं तर दार बंद. बंद दारही उत्तर देतं हे लक्षात ठेवावं, कारण त्यावरून निदान इमारतीत जाग आहे हे कळतं.

तिसरी शक्यता म्हणजे शांतता. पुन्हा टकटक केली तरी काही नाही. बहुधा फाटकावरच्या वॉचमनने, म्हणजे फायरवॉलने, आपला निरोप परस्पर अडवला. हा 'बहुधा' महत्त्वाचा आहे, कारण निरोप वाटेत हरवलेलाही असू शकतो. अशा दाराला एनमॅप 'फिल्टर्ड' म्हणतं. युडीपी नावाची निरोप धाडण्याची आणखी एक पद्धत आहे, तिच्यात तर "या" म्हणायची प्रथाच नाही. तिथे उघडं दारसुद्धा गप्प राहू शकतं, म्हणून एनमॅप सरळ 'उघडं किंवा अडवलेलं' अशी नोंद करतं. दाराच्या एकूण सहा अवस्था ते मानतं आणि त्यांतल्या दोन अशा 'हे किंवा ते' जातीच्या आहेत. ही प्रामाणिक नोंद मला फार आवडते.

मग आमचं अकरावं यंत्र सगळ्या दारांवर गप्प होतं, तर ते आहे हे तरी कसं कळलं? एकाच घरगुती नेटवर्कवर 'हा पत्ता कुणाचा?' अशी हजेरी घेतली जाते आणि तिला उत्तर दिल्याशिवाय कोणालाच निरोप मिळत नाहीत. दारं न उघडणाऱ्यालाही हजेरीला 'हजर' म्हणावंच लागतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. टकटक फक्त आपल्या घरात करावी किंवा ज्याचं नेटवर्क आहे त्याची परवानगी घेऊन करावी. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरकाव करणं आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि टकटक कुठे संपते, शिरकाव कुठे सुरू होतो हा वाद कोर्टात घालण्याची वेळ कुणावर येऊ नये.

काय दाखवायचं नाही?

घरगुती नेटवर्कच्या एका आळीत २५६ पत्ते मावतात. प्रत्येकाची ६५,५३६ दारं धरली तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त दारं होतात. एवढे ठिपके कुठल्याच पडद्यावर मावत नाहीत, आणि मावले तरी पाहणाऱ्याला त्यांचं करायचं काय?

गॉर्डन लायन यांनी 'फ्योदोर' या टोपणनावाने एनमॅप लिहिलं आणि सप्टेंबर १९९७ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात ते मूळ कोडसकट प्रसिद्ध केलं. तेव्हा चित्रं नव्हती, नुसती अक्षरं होती. पण त्या अक्षरांच्या मांडणीतही विचार आहे. वेगळं काही सांगितलं नाही तर एनमॅप सर्वांत जास्त वापरातली १,००० दारंच वाजवतं. त्यातली ९९५ बंद निघाली तर ती एकाखाली एक छापत बसत नाही. '९९५ बंद दारं दाखवलेली नाहीत' अशी एक ओळ येते आणि उरलेल्या पाचांची माहिती सविस्तर येते. गाळलं आणि गाळल्याचं सांगितलं. चित्र काढणाऱ्याने हा धडा आधी गिरवावा. चित्रात गाळणं सोपं असतं, गाळल्याचं सांगायचं मात्र राहून जातं.

माहितीच्या चित्रणाचे अभ्यासक बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये एक क्रम सुचवला होता: आधी सगळ्याचं एक ओझरतं दर्शन, मग हव्या त्या भागाजवळ जाणं आणि नको ते चाळून काढणं, आणि बारीक तपशील मागितल्यावरच. फोनवरचा नकाशा असाच चालतो. आधी महाराष्ट्र, मग सातारा, मग गल्ली, आणि दुकानाची वेळ त्या दुकानावर बोट ठेवल्यावर.

एनमॅपचा अधिकृत चित्रमय साथीदार म्हणजे झेनमॅप. त्याआधी एनमॅपएफई नावाचा एक साधा दर्शनी भाग होता. ब्राझीलच्या आद्रियानो मॉन्तेइरो मार्केस यांनी 'युमित' नावाचा प्रोग्राम सुरू केला, त्यातून झेनमॅप घडलं आणि डिसेंबर २००७ मध्ये एनमॅपच्या ४.५० आवृत्तीबरोबर ते लोकांच्या हाती आलं. त्याच्या डाव्या बाजूला एक साधी यादी असते आणि तिच्यावर दोन बटणं: 'यंत्रं' आणि 'सेवा'. पहिलं दाबलं की कोणत्या यंत्रावर कोणती दारं उघडी आहेत ते दिसतं. दुसरं दाबलं की तीच माहिती उलटी होते आणि एखादी सेवा कोणकोणत्या यंत्रांवर चालू आहे ते दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोनशे संगणक आहेत आणि एखाद्या सेवेत खोट सापडल्याची बातमी आली, तर सांभाळणाऱ्याला एकच प्रश्न पडतो: ही सेवा आपल्याकडे कुठे कुठे आहे? त्याचं उत्तर या उलट्या यादीत एका टिचकीत मिळतं. खरं सांगायचं तर मला ही यादी पुढच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त उपयोगाची वाटते. प्रश्न नीट ठरलेला असेल तर यादी पुरते. काय विचारायचं हेच ठाऊक नसतं, तेव्हा चित्र लागतं.

झेनमॅपची आणखी एक सोय शिकवणाऱ्याला भावेल अशी आहे. तुम्ही बटणं दाबून, पर्याय निवडून स्कॅन सुरू केला, तरी त्यामागची खरी आज्ञा वरच्या चौकटीत अक्षरात दिसत राहते. पाहता पाहता माणूस ती आज्ञा शिकतो.

तिसऱ्या स्टेशनापर्यंतचं तिकीट

चित्र काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो: कोण कुणाशेजारी? नेटवर्कमध्ये किलोमीटरला अर्थ नाही. तिथे अंतर मोजतात ते वाटेतल्या थांब्यांवर, म्हणजे निरोप किती राउटरांच्या हातून गेला यावर.

हे थांबे शोधायची युक्ती मजेदार आहे. प्रत्येक निरोपावर एक आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की निरोप तिथेच रद्द होतो आणि रद्द करणारा राउटर पाठवणाऱ्याला तसं कळवतो. निरोप फिरतच राहू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. आता समजा, आपण मुद्दाम आकडा ३ लिहिला. तिसऱ्या स्टेशनापर्यंतचंच तिकीट काढून माणूस गाडीत बसवावा, तिथे टीसीने त्याला उतरवावं आणि घरी कळवावं, तसं होतं. टीसीच्या चिठ्ठीवरून तिसरं स्टेशन कोणतं ते आपल्याला समजतं. एक, दोन, तीन, चार अशी तिकिटं काढत गेलं की अख्खा मार्ग उलगडतो. याला ट्रेसराउट म्हणतात. काही टीसी चिठ्ठी पाठवतच नाहीत, म्हणजे इथेही न आलेली उत्तरं आलीच.

मधोमध कोण?

मार्ग कळले. आता मांडणी. सर्वांत रूढ पद्धतीत यंत्रं म्हणजे एकमेकांना ढकलणारे ठिपके आणि जोडण्या म्हणजे स्प्रिंगा असं मानतात आणि सगळं स्थिरावेपर्यंत संगणकाला हलवू देतात. वीस-तीस यंत्रांपर्यंत चित्र छान येतं. पाचशे यंत्रांचा मात्र न विंचरलेल्या केसांसारखा गुंता होतो. शिवाय असे बरेचसे प्रोग्राम दर खेपेला वेगळं चित्र काढतात. काल डावीकडे असलेला सर्व्हर आज उजवीकडे दिसला, तर पाहणाऱ्याच्या मनातला नकाशा मोडतो.

ब्राझीलचेच जुआँव पाउलो मेदेइरोस यांनी रेडिअलनेट नावाच्या प्रोग्राममध्ये वेगळी वाट धरली आणि ती सप्टेंबर २००८ मध्ये एनमॅपच्या ४.७५ आवृत्तीपासून झेनमॅपमध्ये आली. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तशी एकात एक वर्तुळं काढायची. मधोमध आपण, म्हणजे जिथून स्कॅन केला ते यंत्र. एक थांबा दूर असलेली यंत्रं पहिल्या वर्तुळावर, दोन थांबे दूर असलेली दुसऱ्यावर. ज्या राउटरमागे यंत्रं जास्त, त्याला वर्तुळाची फोड मोठी.

या मांडणीत मला एक सच्चेपणा दिसतो. स्कॅन हा एका जागी उभं राहून घेतलेला कानोसा असतो. फाटकाबाहेरून टकटक केली तर वॉचमन आडवा येतो, आतल्या जिन्यावरून केली तर नाही. त्याच इमारतीची दोन चित्रं येतात आणि दोन्ही खरी असतात. कुठून पाहिलं हे न सांगणारं चित्र या बाबतीत अपुरं. रेडिअलनेट पाहणाऱ्यालाच मधोमध बसवतं, त्यामुळे ते लपून राहत नाही.

एखाद्या ठिपक्यावर टिचकी मारली की तो केंद्रात येतो आणि बाकीचे त्याच्याभोवती नव्याने बसतात. हे बसणं झटक्यात होत नाही. ठिपके आपापल्या वर्तुळावरून गोल सरकत नव्या जागी जातात. सरळ रेषेत गेले असते तर सगळे मध्यात एकमेकांवर चढून गोंधळ झाला असता. गोल सरकताना मात्र कोण कुठे गेलं हे डोळा धरून ठेवू शकतो. झिम्म्यात मुली फेर धरून जागा बदलतात, तेव्हा आपल्या मुलीवरची नजर हटत नाही, तसंच.

*चौकट: झेनमॅपच्या चित्रातल्या खुणा*
*साधं यंत्र गोल असतं. राउटर, स्विच किंवा वायफाय देणारं यंत्र चौकोनी. उघडी दारं जितकी जास्त तितका गोल मोठा. तीनपेक्षा कमी उघडी दारं असतील तर हिरवा, तीन ते सहा असतील तर पिवळा, सहापेक्षा जास्त असतील तर लाल. पांढरा गोल म्हणजे वाटेत भेटलेलं, पण दारं न वाजवलेलं यंत्र. निरोप जाऊन यायला जितका वेळ जास्त, तितकी जोडणारी रेघ जाड. वाटेतला थांबा उत्तर देत नसेल तर रेघ तुटक निळी, आणि त्या अज्ञात थांब्याला नुसती निळी किनार.*

लाल म्हणजे काय?

या खुणांतला शेवटचा भाग मला उत्तम वाटतो. उत्तर न देणारा थांबा पुसूनही टाकलेला नाही आणि त्याच्यावर आरोपही नाही. आत रंग न भरता नुसती किनार काढली आहे: इथे कुणीतरी आहे, कोण ते माहीत नाही.

पण हिरवा, पिवळा आणि लाल यांच्याशी माझं भांडण आहे. लाल दिसला की माणसाच्या मनात धोका येतो. झेनमॅपच्या लालचा अर्थ मात्र एवढाच की सहाहून जास्त दारं उघडी आहेत. ऑफिसातल्या मुख्य सर्व्हरची दहा दारं कामासाठीच उघडी असतील आणि प्रत्येकावर चांगलं कुलूप असेल, तरी तो लाल. कोपऱ्यातला जुना कॅमेरा एकच दार उघडं ठेवून बसला असेल, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल, तरी तो हिरवा. आकडा मोजणीचा आहे आणि रंग निवाड्याचा. मी हा पडदा करत असते तर संख्येसाठी एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घेतल्या असत्या आणि लाल राखून ठेवला असता, खरोखर खोट सापडेल त्या यंत्रासाठी. दुसरंही कारण आहे. पुष्कळ पुरुषांना जन्मतः लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत. झेनमॅपमध्ये गोलाचा आकारही बदलतो, म्हणून त्यांचं थोडं निभावतं. निव्वळ रंगावर विसंबणाऱ्या पडद्यांवर तेही होत नाही.

प्रश्नचिन्ह हरवतं तेव्हा

उघड्या दारामागे कोण आहे हे एनमॅप दोन तऱ्हांनी सांगतं. एक, दाराच्या क्रमांकावरून: ८० आहे, म्हणजे वेबसाइट असावी. दोन, आत बोलून: चार प्रश्न विचारायचे आणि बोलण्याच्या ढंगावरून ओळखायचं. आवाजावरून माणूस ओळखतो तसं. दुसऱ्या तऱ्हेतही खात्री नसली तर ते सेवेच्या नावापुढे प्रश्नचिन्ह छापतं. यंत्रावर लिनक्स आहे की विंडोज याचाही ते अंदाज बांधतं आणि नेमकं जुळलं नाही तर जुळणीची टक्केवारी देतं.

आता हे चित्रात आणा. लिनक्सला पेंग्विनचं चित्र ठरलेलं. ९९ टक्के जुळणीला पेंग्विन आणि ८६ टक्क्यांनाही तोच पेंग्विन. अर्धा पेंग्विन काढता येत नाही, म्हणून टक्केवारी पडते आत, तपशिलाच्या पानावर, आणि यादीवरून नजर फिरवणाऱ्याला सगळंच पक्कं वाटतं. उपाय अवघड नाही. खात्री कमी तसं चित्र फिकट करावं, किंवा ते प्रश्नचिन्ह जसंच्या तसं चित्राशेजारी राहू द्यावं.

साऱ्या इंटरनेटची रांगोळी

वर्तुळांची मांडणी काहीशे यंत्रांपर्यंत चालते. त्यापुढे जोडण्या सोडून द्याव्या लागतात आणि नुसत्या ठिपक्यांची जाळी काढावी लागते. २५६ उभे आणि २५६ आडवे चौकोन काढले की ६५,५३६ पत्ते एका पडद्यावर बसतात. इलिनॉय विद्यापीठातल्या एनव्हिजनआयपी या प्रोग्रामने नेटवर्कवरच्या वाहतुकीच्या नोंदींसाठी अशी जाळी वापरली होती.

संपूर्ण इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये तयार झालेलं झेडमॅप वेगवान जोडणीवरून त्या सगळ्यांवर एकेक टकटक पाऊण तासात करू शकतं. या पत्त्यांची सरळ रांग आहे. ती ओळीओळीने कागदावर मांडली तर शेजारचे पत्ते एका ओळीच्या टोकाला आणि दुसरीच्या सुरुवातीला असे दूर पडतात. इथे जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांची १८९१ मधली वक्ररेषा मदतीला येते. हात न उचलता एकाच रेघेने सगळे ठिपके घेत जाणारी रांगोळी डोळ्यांसमोर आणा. ही रेघ अशी वळणं घेते की रांगेत जवळ असलेले पत्ते कागदावरही जवळच राहतात. त्यामुळे एका संस्थेचे पत्ते एका चौकोनी तुकड्यात गोळा होतात. रँडल मन्रो या चित्रकाराने २००६ मध्ये असा इंटरनेटचा नकाशा हाताने काढला आणि ही कल्पना अनेकांपर्यंत पोचली.

काल आणि आज

शेवटचा घोळ वेळेचा. चित्र पाहिलं की ते एका क्षणाचं वाटतं. पण स्कॅनला वेळ लागतो. लिनक्सची काही रूपं 'हे दार बंद आहे' असं उत्तर सेकंदाला एकदाच देतात. अशा एका यंत्राची सगळी युडीपी दारं वाजवायला १८ तासांहून जास्त लागतात. म्हणजे चित्राचा एक कोपरा काल रात्रीचा आणि दुसरा आज दुपारचा असू शकतो. म्हणून प्रत्येक यंत्राशेजारी ते केव्हा पाहिलं हे दिसायला हवं, निदान त्यावर बोट ठेवल्यावर तरी.

दोन वेगळ्या दिवसांचे स्कॅन मात्र शेजारी ठेवले की खूप काही कळतं. झेनमॅपमध्ये त्यासाठी एनडिफ नावाचं साधन आहे. जे सारखं आहे त्याचा गाजावाजा न करता, जे गेलं त्यापुढे ते वजाची खूण करतं आणि जे आलं त्यापुढे अधिकची.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. त्या रात्री मी पुन्हा स्कॅन केला आणि भाचीला फरक दाखवला. वजाच्या खुणा तीन होत्या. दोन फोन पाहुण्यांचे, आणि तिसरं ते अकरावं यंत्र. तिने जरा विचार केला. "काकांच्या हातात घड्याळ होतं ना, फोनसारखं?" असेल. त्यांच्याबरोबर गेलं म्हणून ते त्यांचंच होतं असं सिद्ध होत नाही, एवढं मी म्हणाले. तिने खोडरबर घेऊन लाल रंग जमेल तेवढा खरवडला, ते यंत्र भिंतीच्या आत आणलं, तुटक रेघेने गोल काढला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: घड्याळ?